लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरमध्ये जेट इंजिन कसे सुरू करावे

डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये नव्याने आलेली व्यक्ती बहुधा आधीच हवेत असलेल्या विमानापासून सुरुवात करते, आणि ते योग्यही आहे. अडचण नंतर येते. एखादी मोहीम पार्किंगमध्ये बंद उभ्या असलेल्या विमानात सुरू होते, दोन्ही बाजूंना ओळीने स्विच असतात आणि एकही दिवा लागलेला नसतो. अशा वेळी एखादी चित्रफीत शेजारी लावून, ती थांबवत थांबवत तिच्याबरहुकूम स्विच दाबत जाणे हा सर्वांत प्रचलित मार्ग आहे. त्या मार्गाने इंजिन सुरू होते, परंतु आठवडाभरात क्रम विसरला जातो, कारण कोणता स्विच कशासाठी होता हे कळलेलेच नसते. म्हणून या लेखात क्रमाबरोबर प्रत्येक टप्प्याचे कारणही दिले आहे. कारण समजले की क्रम पाठ करावा लागत नाही, आणि विमान बदलले तरी तेच ज्ञान उपयोगी पडते.

एक सोय आधीच सांगून ठेवतो. डीसीएसमधील बहुतेक विमानांत डावी विंडोज कळ आणि होम कळ एकत्र दाबली की सिम्युलेटर स्वतःच सर्व स्विच चालवून विमान सुरू करून देतो. ही सोय वापरण्यात कमीपणा नाही. उलट, पहिल्या दिवशी ती एकदा चालवावी, हात मांडीवर ठेवावेत आणि कोणता काटा कधी हलतो एवढेच पाहावे.

तयारी

इंजिन सुरू करण्याच्या सरावासाठी महागडी जॉयस्टिक लागत नाही. कॉकपिटमधील जवळपास सर्व काम माउसने होते, त्यामुळे नागपुरात बर्डीच्या दुकानांत चौकशी करत फिरण्यापूर्वी आहे त्या कीबोर्डवर आणि माउसवर हा भाग शिकून घ्यावा. मूळ सिम्युलेटर विनामूल्य आहे आणि त्याच्याबरोबर दोन विमाने मिळतात: पंख्याचे टीएफ-५१डी आणि जेट इंजिनांचे सु-२५टी. या लेखातील मुख्य उदाहरण एफ/ए-१८सी हॉर्नेटचे आहे. ते विकत घ्यावे लागते, परंतु आधी काही दिवस विनामूल्य वापरून पाहण्याची सोय निर्मात्या ईगल डायनॅमिक्सने ठेवलेली आहे.

नागपूरकरांसाठी दोन घरगुती सूचना. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा संगणकाची पेटी कूलरच्या झोतात ठेवण्याचा मोह होतो, पण कूलरची हवा दमट असते आणि तिच्याबरोबर धूळही येते, त्यामुळे पेटी झोतापासून दूर आणि मागची बाजू मोकळी राहील अशी ठेवावी. दुसरे म्हणजे, उन्हाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नसल्याने यूपीएस असलेला बरा.

जॉयस्टिक असेलच, तर सुरू करण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. उजवी कंट्रोल कळ आणि एंटर दाबल्यावर पडद्यावर एक छोटी चौकट येते, जिच्यात थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी दांडी) आणि विमान वळवणारा दांडा सिम्युलेटरच्या दृष्टीने नेमके कोठे आहेत हे दिसते. अनेक स्वस्त जॉयस्टिकचा स्लायडर उलटा वाचला जातो, म्हणजे आपण तो मागे ओढलेला असतो आणि सिम्युलेटरला तो पूर्ण पुढे दिसतो. अशा स्थितीत काही विमानांचे इंजिन सुरूच होत नाही, आणि काहींचे सुरू होताच विमान पार्किंगमधून निघून जाते. नियंत्रणांच्या पानावर त्या अक्षाची दिशा उलटवली की प्रश्न मिटतो. त्याच पानावर आणखी एक खोड सापडते. नवे उपकरण जोडले की सिम्युलेटर त्याच्या अक्षांना आपल्या मनाने कामे वाटून देतो, आणि मग एकाच थ्रॉटलवर दोन उपकरणांची ओढाताण सुरू होते. नको असलेल्या नेमणुका पुसून टाकाव्यात.

इंजिनाला काय हवे असते

जेट इंजिन हवा आत घेते, कंप्रेसर ती दाबतो, ज्वलनकक्षात तिच्यात इंधन जळते, आणि तापलेला वायू बाहेर पडताना टर्बाइन फिरवतो. ती टर्बाइन पुन्हा कंप्रेसरलाच फिरवते. हे चक्र एकदा चालू झाले की स्वतःच्या बळावर चालते. थांबलेल्या इंजिनात मात्र कंप्रेसर फिरत नाही, म्हणून दाबलेली हवा नाही, आणि हवा नाही म्हणून इंधन जाळण्याला अर्थ नाही. म्हणजे सुरुवातीला कोणीतरी बाहेरून कंप्रेसर फिरवला पाहिजे, पुरेशी हवा वाहू लागल्यावर इंधन व ठिणगी दिली पाहिजे, आणि इंजिन स्वतःला पेलू लागेपर्यंत बाहेरची मदत चालू ठेवली पाहिजे.

प्रत्येक लढाऊ विमानाचा सुरू करण्याचा क्रम या एवढ्याच गोष्टीतून निघतो. आधी वीज, मग फिरवणारी शक्ती, मग वेग, मग इंधन, मग तापमानावर नजर, आणि शेवटी जनरेटर व हायड्रॉलिक पंप कामाला लागल्याची खात्री. विमानागणिक बदलतो तो मुख्यतः फिरवणारा घटक.

इंधन देण्याची घाई का करू नये, हेही येथेच स्पष्ट होते. इंधन जाळण्यासाठी जेवढी हवा लागते त्याहून कितीतरी अधिक हवा ज्वलनकक्ष व टर्बाइन थंड राखण्यासाठी लागते. वेग कमी असताना इंधन सोडले तर ज्योत पेटते, पण थंड करणारी हवा अपुरी पडते आणि टर्बाइनमागील तापमान झपाट्याने मर्यादेपलीकडे जाते. याला हॉट स्टार्ट म्हणतात. खऱ्या विमानात त्याची किंमत टर्बाइनच्या पात्यांना मोजावी लागते. सिम्युलेटरमध्ये सगळीच विमाने या चुकीला सारखी शिक्षा करत नाहीत, तरीही सवय खऱ्या पद्धतीची लावावी, कारण जी विमाने शिक्षा करतात ती पूर्वसूचना देत नाहीत.

पहिला सराव: सु-२५टी

या विमानातील कॉकपिटचे स्विच माउसने चालत नाहीत, सर्व काही कीबोर्डवर आहे, म्हणून येथे शिकण्यासारखे थोडे आहे पण ते पक्के होते. थ्रॉटल पूर्ण मागे घ्यावा. उजवी शिफ्ट आणि एल दाबून वीज सुरू करावी. डावी कंट्रोल आणि सी दाबून वरचे झाकण बंद करावे. मग उजवी कंट्रोल आणि होम दाबल्यास उजवे इंजिन, आणि उजवी ऑल्ट व होम दाबल्यास डावे इंजिन सुरू होते. दोन्ही एकदम सुरू करण्यासाठी उजवी शिफ्ट आणि होम आहे, परंतु सरावात ती वापरू नये. एकेक इंजिन सुरू करून वेगाचा आणि तापमानाचा काटा कसा चढतो, कोठे क्षणभर रेंगाळतो आणि कोठे स्थिरावतो हे पाहावे. हा आलेख डोळ्यांत बसला की पुढच्या विमानात काही बिघडल्यास ते आपोआप खटकते.

मुख्य सराव: एफ/ए-१८सी हॉर्नेट

हॉर्नेटमध्ये जनरल इलेक्ट्रिकची दोन एफ४०४ इंजिने आहेत. आपल्या तेजसमध्येही याच कुळातील एफ४०४-जीई-आयएन२० इंजिन बसवलेले आहे, त्यामुळे हा अभ्यास अगदीच परक्या यंत्राचा नाही.

मोहीम निवडताना पार्किंगमधील बंद विमानाची निवडावी. कोणत्याही स्विचवर माउस क्षणभर ठेवला की त्याचे नाव दिसते, तेव्हा स्विच सापडत नसेल तर पॅनेलवर माउस फिरवत शोधावा.

आरंभ उजव्या कन्सोलवरील बॅटरीच्या स्विचने होतो. बॅटरी ही मोठी शक्ती नव्हे. ती काही दिवे, इशारे आणि नियंत्रणाची उपकरणे जागी करते, एवढेच तिचे काम. म्हणून बॅटरी चालू केल्यावर विनाकारण रेंगाळू नये. आधी शोधाशोध आटोपावी आणि मग बॅटरी लावावी.

यानंतर डाव्या कन्सोलवर आगीच्या इशाऱ्याची चाचणी आहे. स्विच ए बाजूला दाबून धरायचा, स्त्रीच्या आवाजातील सर्व सूचना संपेपर्यंत सोडायचा नाही, मग काही सेकंद थांबून बी बाजूला तेच करायचे. मधले थांबणे वगळले तर दुसऱ्या वेळी सूचना नीट ऐकू येत नाहीत. अनेक जण ही चाचणी गाळतात आणि त्यांचे काही अडत नाही. मी ती गाळू नये असे सांगतो, कारण तिचा परिणाम पुढच्या एका टप्प्याशी जोडलेला आहे. या चाचणीत इंजिनाकडून हवा आणणाऱ्या नळ्यांच्या झडपा बंद होतात, आणि त्या पुन्हा उघडाव्या लागतात.

आता एपीयू. हे दोन इंजिनांच्या जवळ, विमानाच्या मागील भागात बसवलेले छोटे टर्बाइन इंजिन आहे. त्याला स्वतःला फिरवण्यासाठी साठवलेला हायड्रॉलिक दाब वापरला जातो. एपीयूचा स्विच चालू करून त्याच्याजवळचा हिरवा दिवा लागण्याची वाट पाहावी, जो साधारण अर्ध्या मिनिटात लागतो. तो लागण्याआधी पुढच्या स्विचला हात लावू नये. एपीयू दाबलेली हवा पुरवते, ती हवा स्टार्टरमधील टर्बाइन फिरवते, आणि स्टार्टर गिअरपेटीमार्फत इंजिनाला फिरवतो. एपीयूच तयार नसेल तर ही सगळी साखळी रिकामी आहे.

हिरवा दिवा लागल्यावर एपीयूशेजारील इंजिन क्रँकचा स्विच उजवीकडे करावा. डाव्याआधी उजवे का, हा प्रश्न प्रत्येक नवागताने विचारला पाहिजे. उजव्या इंजिनावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रणालीतून ब्रेकला नेहमीचा दाब मिळतो, आणि ज्या विमानाचे एक इंजिन चालू आहे त्याला ब्रेक आधी हवेत.

येथून पुढची दहा-पंधरा सेकंदे संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाची आहेत. समोरच्या पॅनेलवर डावीकडे खालच्या बाजूला इंजिन व इंधनाचे आकडे दाखवणारी छोटी चौकट आहे, तिथे नजर ठेवावी. उजव्या बाजूचा आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या फिरण्याचा वेग, शून्यावरून वर चढू लागतो. तो १० टक्क्यांच्या पुढे गेला की उजवी शिफ्ट आणि होम दाबून उजवा थ्रॉटल बंद स्थितीतून आयडल, म्हणजे इंजिन किमान वेगाने चालत राहण्याच्या, स्थितीत आणावा. येथे पुष्कळ जण अडकतात. जॉयस्टिकचा थ्रॉटल कितीही पुढे-मागे केला तरी इंधन सुरू होत नाही, कारण बंद आणि आयडल यांच्यामध्ये खऱ्या विमानात एक अडसर असतो आणि सिम्युलेटरमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा ठेवली आहे.

इंधन गेल्यावर आधी इंधनप्रवाहाचा आकडा दिसतो, पाठोपाठ तापमान उसळते. सुरू होताना तापमानाची मर्यादा ८१५ अंश सेल्सिअस आहे. निरोगी इंजिनात ते झपाट्याने चढते, त्या मर्यादेच्या बरेच खाली थांबते आणि उतरू लागते. त्याच वेळी आरपीएम न अडखळता चढत राहिला पाहिजे. तापमान चढते आहे पण आरपीएम मध्येच अडकला आहे, अशी जोडी दिसली तर ती वाईट खूण समजून थ्रॉटल पुन्हा बंद करावा. इंजिन साधारण ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचले की क्रँकचा स्विच स्वतःच मधल्या जागी परततो, म्हणजे आता इंजिनाला टेकूची गरज उरलेली नाही.

आयडलवर स्थिरावलेल्या इंजिनाचे आकडे पुढीलप्रमाणे असावेत: आरपीएम ६३ ते ७० टक्के, तापमान १९० ते ५९० अंश, इंधनप्रवाह ताशी ४२० ते ९०० पौंड, नोझल (इंजिनाचे मागचे तोंड) ७३ ते ८४ टक्के उघडे, आणि तेलाचा दाब ४५ ते ११० पीएसआय. हे सारे पाठ करण्याचा अट्टहास नको. आरपीएम, तापमान आणि तेलाचा दाब या तीन गोष्टी लक्षात राहिल्या तरी काम भागते. तेलाचा दाब मात्र कधीही वगळू नये, कारण बाकी सर्व ठीक दिसत असताना बिघाड सांगणारा आकडा तोच असतो. नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय असल्याने वायुसेनेतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ शहरात भेटतात. ओळखीत असे कोणी असतील तर त्यांना एकदा शेजारी बसवून हे सर्व करून दाखवावे. त्यांचे प्रश्न कोणत्याही चित्रफितीपेक्षा उपयोगी असतात.

उजवे इंजिन सुरू होताच त्याचा जनरेटर वीज देऊ लागतो. आता उजव्या कन्सोलवरील ब्लीड एअरचा गोल खटका पूर्ण एक फेरा फिरवून परत नॉर्मवर आणावा. आगीच्या चाचणीत बंद झालेल्या झडपा या फेऱ्याने पुन्हा उघडतात. हा टप्पा विसरल्याचे पायलटला ताबडतोब जाणवत नाही, म्हणूनच तो विसरला जातो.

डाव्या इंजिनाकडे वळण्यापूर्वी दिशादर्शक प्रणालीचा, म्हणजे आयएनएसचा खटका जमिनीवर असाल तर जीएनडी आणि विमानवाहू जहाजावर असाल तर सीव्ही या स्थितीत करावा, आणि पार्किंग ब्रेक लागलेला आहे याची खात्री करावी. या प्रणालीला स्वतःची जागा व दिशा निश्चित करायला काही मिनिटे लागतात. ती मिनिटे बाकीच्या कामांत आपसूक निघून जावीत, यासाठी ती आधी सुरू करायची. तिन्ही पडदे आणि समोरच्या काचेवर उड्डाणाचे आकडे दाखवणारा हड याच वेळी चालू करावेत.

डाव्या इंजिनाची कृती हुबेहूब तीच आहे: क्रँक डावीकडे, १० टक्क्यांची वाट, मग उजवी ऑल्ट आणि होम. दुसरा जनरेटर जोडला गेल्यावर साधारण मिनिटभराने एपीयू आपोआप बंद होते. ती बंद झालेली पाहून घाबरून पुन्हा चालू करू नये.

इंजिने सुरू झाली म्हणजे विमान उडण्यास तयार झाले असे नाही. हॉर्नेटचा दांडा संगणकामार्फत पंखांना आज्ञा देतो, आणि त्या संगणकाला एकदा पुन्हा जागेवर आणावे लागते. डाव्या कन्सोलवरील एफसीएस (उड्डाण-नियंत्रण प्रणाली) रीसेट दाबावे आणि पडद्यावर एफसीएसचे पान उघडून चौकटींतील फुल्या गेल्या का ते पाहावे. न गेल्यास हायड्रॉलिक दाब पाहावा, जो ३००० पीएसआयच्या जवळपास असतो. त्यानंतर टेकऑफ ट्रिमचे बटण दाबून धरावे, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) हाफवर आणावेत, ऑक्सिजनची ओबॉग्ज प्रणाली चालू करावी आणि रडारचा खटका ओपीआरवर न्यावा. आयएनएसचे काम पूर्ण झाल्याशिवाय विमान जागचे हलवू नये.

अडले तर कोठे पाहावे

क्रँक लावल्यावर आरपीएम अजिबात हलत नसेल, तर नव्याण्णव वेळा एपीयूचा हिरवा दिवा लागलेला नसतो. आरपीएम २० ते ३० टक्क्यांवर फिरत आहे पण तापमान हलत नाही, तर इंधन गेलेले नाही, म्हणजे थ्रॉटलची आयडल आज्ञा लागू झालेली नाही. कळांची नेमणूक नियंत्रणांच्या पानावर तपासावी, कारण कोणीतरी, बहुधा आपणच, ती बदललेली असते. विमान सुरू झाले, पण पडदे काळे आहेत, तर पडद्यांचे स्वतःचे खटके बंद आहेत. गोंधळ वाढल्यास पॉज कळ दाबून सिम्युलेटर थांबवावा आणि साखळीत आपण कोठे आहोत हे मोठ्याने म्हणावे: वीज आहे का, हवा आहे का, वेग आहे का, इंधन आहे का. ज्या प्रश्नाला नाही असे उत्तर येते तेथेच चूक असते.

दुसऱ्या विमानात जाताना

एफ-१६मध्ये एपीयूच्या जागी जेएफएस नावाचे छोटे टर्बाइन आहे, तेही साठवलेल्या हायड्रॉलिक दाबाने फिरू लागते. स्टार्ट १ मध्ये एक साठा आणि स्टार्ट २ मध्ये दोन्ही साठे वापरले जातात, म्हणून नवागताने स्टार्ट २ घ्यावे. प्रत्यक्षात हे साठे संपले आणि इंजिन सुरू झाले नाही, तर जमिनीवरच्या माणसांना हाताने पंप मारून ते भरावे लागतात. थ्रॉटल आयडलवर आणण्याचा आकडा येथे २० टक्के आहे. हॉर्नेटच्या सवयीने दहावरच हात पुढे जातो, तो आवरावा लागतो. ए-१०सीमध्ये एपीयूचीच पद्धत आहे, फक्त क्रँकचा वेगळा स्विच नाही. थ्रॉटल आयडलवर आणला की बाकीचा क्रम यंत्रणा स्वतः सांभाळते.

बंद करणे

बंद करण्याचाही सराव करावा, कारण जहाजावर किंवा तळावर परतल्यावर शस्त्रे व इंधन बदलून पुन्हा निघायचे असते. हॉर्नेटमध्ये पार्किंग ब्रेक लावून आधी रडार आणि आयएनएस बंद करावेत, मग उजवी ऑल्ट व एंड दाबून डावे इंजिन बंद करावे. उजवे इंजिन ब्रेकसाठी शेवटपर्यंत ठेवून उजवी शिफ्ट व एंड दाबून बंद करावे. बॅटरीचा स्विच दोन्ही बाजूंचा आरपीएम आणि तापमान खाली येताना पाहिल्यावरच बंद करावा. तो आधी बंद केल्यास चौकटीतील आकडे जातात आणि इंजिन नीट थंड होत आहे की आत अजून काही जळत आहे हे कळण्याचे साधनच उरत नाही.